लाल पायाचं उट्टं

मी एक बॉयलरसूट बोलतोय, म्हणजे कामगारांचा असतो तसला गळ्यापासून घोट्यापर्यंतचा अंगरखा. ताम्पेरे शहरातल्या विद्यापीठात यंत्रं शिकणाऱ्या पोरांचा, निळा. मी सूड उगवलाय आणि मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाठीवर पंपवाल्यांच्या जाहिराती छापून मला पहिल्याच वर्षी यूसोच्या अंगावर चढवलं. आम्हांला कधी धूत नाहीत. धुतलं तर मालकाला चारचौघांत हसतात. वर लावायचे कापडी बिल्ले मात्र हातानेच शिवायचे असतात. माझे बेचाळीसच्या बेचाळीस बिल्ले वेन्लाने शिवले, बोटं टोचून घेत. यूसो आपला समोर बसून मटारचं सूप ओरपायचा आणि म्हणायचा, "ते वाकडं लागलंय बघ."

वेन्ला त्याची मैत्रीण, अभियांत्रिकीच्याच दुसऱ्या शाखेतली, तिचा सूट लाल. प्रेम जमलं की आमच्याकडे सुटांचे पाय कापून अदलाबदल करतात. तसा गुडघ्याखालचा तिचा लाल पाय मला लागला, पोटरीवरच्या चेनच्या खिशासकट, आणि माझा निळा तिला.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत कारखानेवाले आले, उन्हाळ्याच्या कामाला पोरं हेरायला. ज्याचा त्या उन्हाळ्यात शिरकाव झाला, तो पुढे तिथेच प्रबंध लिहितो आणि तिथेच चिकटतो. यूसो पाहुण्यांना कॉफी देत होता. कागदयंत्रांच्या कारखान्यातल्या राउतिओबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा लाल पाय कुणाचा रे?"

"माझ्या मैत्रिणीचा. वेन्लाचा."

"रोलर का थरथरतात म्हणून सकाळी माझं डोकं खाल्लं, तीच ना? तिला हे माझं कार्ड दे. एकच जागा आहे. शुक्रवारपर्यंत फोन कर म्हणावं."

कार्डावर बाईंनी वेन्लाचं नाव लिहिलं होतं. यूसोने नंबर उतरवून घेतला, कार्ड लाल खिशात कोंबलं आणि संध्याकाळी तिच्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही. शुक्रवारी फोन त्यानेच लावला. मी अंगावरच होतो, शब्द न् शब्द ऐकला.

"तिला शिक्षिका व्हायचंय हो. मी येऊ का?"

केसाने गळा कापतात तो असा. त्याच दिवशी मी डूख धरला. ट्राममध्ये तो कार्ड काढून फेकायला गेला, तर मी आणि लाल पायाने चेनचे दात गच्च आवळून धरले. दोन-चार हिसडे दिले, कंटाळला आणि नंतर विसरूनही गेला.

तो कारखान्यात गेला. वेन्लाने तो उन्हाळा पोहण्याच्या तलावावर तिकिटं देण्यात काढला. "मी बहुतेक यंत्रांच्या कामाची नाहीच," ती एकदा म्हणाली, आणि मग खरंच शिक्षकी पेशाचे विषय घेतले. यूसो म्हणाला, "तुला तेच शोभतं." मेल्याची जीभ झडली नाही.

या एप्रिलमध्ये दोघांचं फाटलं. फाटलं की पाय परत करायची रीत आहे. कारखान्याने यूसोला कायमची जागा देऊ केली होती, आमचे साहेब भलत्याच घाईत होते. त्याने कात्रीने लाल पाय उतरवला आणि खिसा न चाचपता तिच्या हातात दिला. मी लाल पायाला म्हटलं, आता सोड.

तिने चेन ओढली. कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. कार्ड मुठीत धरून गेली.

आज ती माझा निळा पाय घेऊन आली, दारातच उभी राहिली.

"राउतिओबाईंना फोन केला होता," ती म्हणाली. "सोमवारी नऊला तुला बोलावलंय. मीही येतेय."

यूसोच्या तोंडचं पाणी पळालं. "वेन्ला, ऐक ना. ते कार्ड चुकून राहिलं गं खिशात."

"कार्ड चुकून राहिलं. आणि फोन चुकून लागला का?"

पाय खुर्चीवर ठेवून ती निघून गेली. तेव्हापासून यूसो भिंतीकडे बघत बसलाय, आणि मी खुंटीवर एका पायाने लटकतोय, मजेत. पोरांनो, दुसऱ्याचा निरोप तुमच्या हाती आला, तर पोचवा. अंगावरचे कपडेसुद्धा ऐकत असतात.

मला एवढंच वाईट वाटतं, की सोमवारी तो मला घालून जाणार नाही. त्याचं तोंड बघायला मला तिथे असायला हवं होतं.