डाव्या दाराची शिट्टी

"पाय अजून पोटाशी घे," असं म्हणून ह्यांनी डिकीचं दार माझ्यावर लावलं आणि मी अंधारात पडून राहिले. वय वर्षं एकसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, डोक्याखाली जुनी उशी. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात खडू. आवाज जिथून येईल तिथे फुली मारायची, असा हुकूम होता. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या मास्तरीणबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी पुढे कुणाकुणाला काय सांगितलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

गाडी निघाली. गल्लीचं वळण गेलं, मोठा रस्ता लागला, ह्यांनी वेग वाढवला. मी कान देऊन ऐकत होते. टायरचा आवाज येत होता, जॅकचा दांडा खडखडत होता, माझाच श्वास मला ऐकू येत होता. ज्या बारीक शिट्टीसाठी मला सामानासारखं भरलं होतं, ती मात्र कुठेच नव्हती. ती नसणार हे मला डिकीत शिरण्याआधीच माहीत होतं. तरी मी डाव्या कोपऱ्यात खडूने एक ठळक फुली मारली, आणि दार उघडल्यावर म्हणाले, "इथून येतोय बहुतेक." ह्यांचा चेहरा उजळला. मला स्वतःची लाज वाटली, पण फुली काही मी पुसली नाही.

आमचे हे तेहतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला होते. चाळीस यंत्रं एकदम खणखणत असायची, आणि हे दारात उभं राहून सांगायचे की सतरा नंबरचं बेअरिंग जायला आलंय. साहेब लोक आधी हसायचे आणि मग सतरा नंबर उघडायचे. निवृत्त झाल्यावर तो कान रिकामा राहीना, म्हणून तो घरच्या गाडीला लागला.

त्या गाडीचं कुठलंही बारीकसारीक दुखणं गॅरेजपर्यंत गेलेलं नाही. काच वर-खाली होताना अडकली की खाचेत मेणबत्ती घासायची. दिवे पिवळे पडले की टूथपेस्ट. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढला की खायचा सोडा आणि जुना ब्रश, आणि तो ब्रश जुना होता की माझा रोजचा, हे नंतर कळायचं. दाराचं रबर कुरकुरलं की माझी पावडर जायची. एकदा बंपरला ओरखडा गेला, तेव्हा माझी नेलपॉलिशची बाटली गेली. लेकीच्या लग्नात मी ती एकदाच लावली होती. रंग इतका तंतोतंत जुळला, की भर लग्नात मी गाडीच्या रंगाची नखं मिरवत होते हे मला तेव्हा समजलं.

गल्लीतले लोकही यायचे. काका, जरा ऐकता का, असं म्हणून गाडी चालू करायचे. हे बॉनेटला हातही न लावता डोळे मिटून उभे राहायचे आणि मग एखाद्या वैद्यासारखं निदान सांगायचे. ते चुकलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. निदान खरं ठरलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

मागच्या वर्षी एका सकाळी गाडी चालवता चालवता ह्यांनी विचारलं, "ती शिट्टी ऐकू येते का तुला?" मी नाही म्हणाले. त्यांनी दाराचं रबर बदललं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. मग आरशाच्या मागची फट टेपने बंद केली, काचेच्या खाचेत जुन्या टोपीचं कापड बसवलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं. माझं 'नाही' ऐकून त्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून म्हणाले, "मग मलाच कसा येतो आवाज?"

तो प्रश्न विचारताना त्यांचा आवाज घाबरलेला होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज दोनदाच ऐकला होता. मला राहवलं नाही. मी जरा कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "थांबा हो, येतोय की. डाव्या दाराकडून."

मी असं का केलं ते सांगते. घरात मला आधीच शंका आली होती. कपडे धुवायचं मशीन काम संपल्यावर पाच वेळा टीं टीं करतं, आणि हे शेजारीच पेपर वाचत बसून मला विचारायचे की झालं का गं. फोन वाजत राहायचा. माझं बोलणं त्यांना नीट कळायचं, जाडे, घुमणारे आवाज कळायचे, फक्त बारीक, चिरके आवाज त्यांच्यापुरते जगातून उठून गेले होते. शिट्टी गाडीत नव्हती. ती कुठे होती हे मला कळून चुकलं होतं, आणि ते मी पदराखाली झाकून ठेवलं. ज्या माणसाचा सगळा मान कानावर उभा आहे, त्याला हे बायकोने कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग आठ महिने आम्ही दोघं त्या शिट्टीच्या मागे होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा ह्यांचा नियम. आठवड्याला एक उपाय, आणि दर रविवारी तपासणी. कधी मी मागच्या सीटवर आडवी पडून दाराला कान लावायचे, कधी पायाशी वाकून बसायचे. 'कमी झाला का?' असं विचारलं की मी 'जरासा' म्हणायचे. जरासा कमी झालेला आवाज पुढच्या रविवारी थोडा वाढवावा लागायचा, नाहीतर संपला असं म्हणावं लागलं असतं, आणि त्यांना तर तो येतच होता. खोट्याचा हिशेब ठेवताना माझ्या नाकीनऊ आले.

अशात एका रविवारी लेक आली. ती टेकडीपलीकडच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. नातीची शाळाही तिकडेच, म्हणून रोज दोघी टेकडीच्या उताराच्या रस्त्याने जातात, आणि आमच्याकडून घरी जायलाही तोच उतार लागतो. तिच्या गाडीचा ब्रेक दाबला की आवाज यायला लागला होता. जावई म्हणाले होते की मेकॅनिकला दाखव. लेक म्हणाली, आधी बाबांना ऐकू दे, ते सांगतील.

हे चालवायला बसले, लेक शेजारी, मी आणि नात मागे. चौकाशी ह्यांनी ब्रेक दाबला आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला. माझ्या दातांतून कळ गेली. नातीने कानांवर हात ठेवले. ह्यांनी पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, मान एका बाजूला कलती करून ऐकलं. मी आरशात त्यांचा चेहरा बघत होते. तो अगदी शांत होता.

"काही नाही," ते म्हणाले. "धूळ बसलीय चाकात. धुऊन देतो."

"बाबा, आत्ता आला की आवाज."

"तो रस्त्याचा गं."

लेक खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी मागे टेकली. म्हणाली, तुम्ही म्हणताय तर नसेल काही. तिने तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण बापाच्या कानापुढे तिने स्वतःचे कान खोटे ठरवले.

घरी येऊन ह्यांनी पाइप लावून चारही चाकं धुतली. जुन्या बनियनने पुसली. लेकीने सामान भरलं, नातीला मागे बसवून पट्टा लावला, गाडी चालू केली. मी पायरीवर उभी होते. आज नको, उद्या फोन करून तिला एकटीलाच सांगू, असंही मनात आलं. पण मध्ये आजचा उतार होता.

"थांब गं," मी म्हणाले. "ब्रेक दाबला की आवाज येतो. उजव्या पुढच्या चाकातून. चांगला मोठा येतो."

हे वळले. हातातलं बनियन तसंच होतं. "तुला काय कळतं त्यातलं?" असं त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मला राग आला नाही. मागच्या सीटवरून नात बोलली, "आजोबा, खूप जोरात येतो. माझे कान दुखतात." मग लेकही खाली मान घालून म्हणाली, "येतो बाबा."

ह्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. नातीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. गाडीच्या टपावर हात टेकला आणि मला विचारलं, "मग आपल्या गाडीतला?"

अजूनही एखादी थाप मारता आली असती, इतकी सवय झाली होती.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हता."

"डिकीतली फुली?"

"माझ्याच मनाने मारली."

त्यांनी मान हलवली. रागावले असते, भांडले असते तर बरं झालं असतं. लेकीला एवढंच म्हणाले की तुझी गाडी इथेच ठेव, आमची घेऊन जा. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला त्यांनी स्वतः बोलावलं. आमच्या दारात मेकॅनिक येण्याची ती पहिली वेळ. त्याने चाक उतरवलं तर ब्रेकचं पॅड पार झिजलेलं, लोखंडावर लोखंड घासत होतं. तो चेष्टेने म्हणाला, "काका, हे तर बोंबलत असणार. तुम्हाला कसं नाही कळलं?" ह्यांनी ते झिजलेलं पॅड हातात घेतलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

कानाच्या डॉक्टरांनी हेडफोन लावून तपासलं. कारखान्यात कानात बोळे घालत होता का, असं विचारलं. हे म्हणाले, बोळे घातले असते तर यंत्रं ऐकू कशी आली असती? डॉक्टर चांगले होते, त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. आतले बारीक केस गोंगाटाने झडून जातात, ते परत उगवत नाहीत, आणि जिथे आवाज पोचत नाही तिथे मेंदू स्वतःच शिट्टी वाजवत बसतो. ज्या कामाने हा कान घडवला, त्याच कामाने तो खाल्ला होता. ह्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि त्यातला कुठला भाग बदलायचा ते विचारलं. कुठलाच नाही, असं डॉक्टर म्हणाले. उघडून साफ करता येत नाही का? नाही. मग काय करायचं? सवय करून घ्यायची. कानाला यंत्र लावलं तर बोलणं जरा स्पष्ट ऐकू येईल, पण बारीक आवाज पहिल्यासारखे येतील असं सांगता येत नाही आणि शिट्टी बहुधा राहील. ह्यांनी चित्राची नीट घडी करून खिशात घातली. ज्याला घरगुती उपायच नाही असं काही असतं, हे त्यांना पटत नव्हतं, आणि मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

महिनाभर गाडीचं बॉनेट उघडलं गेलं नाही. कुणी आलं तर हे आतल्या खोलीत जायचे, आणि मी सांगायचे की झोपलेत. पुन्हा थापाच, पण निदान ह्यांना ठाऊक असलेल्या.

परवा सकाळी समोरच्या मास्तरीणबाईंचे मास्तर गाडी घेऊन दारात आले. हे अंगणातच होते, आत जायला वेळ मिळाला नाही. मास्तरांनी गाडी चालूच ठेवली होती. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही तो आवाज येत होता. हे मास्तरांना काय सांगतात याची मी वाट बघत राहिले. तेवढ्यात त्यांची हाक आली. "अगं, जरा बाहेर ये."

मी हात पुसत गेले. त्यांनी बॉनेट उघडलं होतं आणि मला जागा करून देत ते बाजूला सरकले. "मास्तर, मला आता बारीक आवाज येत नाहीत," ते सरळ म्हणाले. "ही ऐकेल." मास्तर माझ्याकडे बघू लागले.

"कसा येतोय?" ह्यांनी मला विचारलं.

"बारीक आहे."

"सतत की तुटक?"

"सतत. नाही, मध्येच वाढतो."

"पट्टा घसरल्यासारखा, की बेअरिंग कोरडं पडल्यासारखा?"

मी डोळे मिटून ऐकलं. आवाज लख्ख येत होता, एखादी सुई शिरावी तसा थेट कानात शिरत होता. पण पट्टा कसा रडतो आणि बेअरिंग कसं रडतं, हे मला कुठे माहीत होतं? त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभे होते. पूर्वी मी दोन्हीतलं एक पटकन सांगून मोकळी झाले असते.

"मला नाही कळत हो," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. इंजिनाच्या कडेवर हात ठेवला, जरा वेळाने काढून घेतला. मास्तरांनी अवघडून विचारलं, बंद करू का?

"असू दे चालू," हे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, "परत ऐक. घाई नाही."

मी पुन्हा वाकले. आवाज येतच होता.