ओढ्यावरचा पूल

दीक्षाचा जीव आठवडाभर थाऱ्यावर नव्हता. पन्हाळा रस्त्यालगतची शेतं एकत्र करून नवी वसाहत उभारायची होती आणि तिचा आराखडा दीक्षाने केला होता. खाली दुकानं, वर घरं, दारापासून शाळेपर्यंत करंजाची सावली, म्हाताऱ्यांनाही चालत बाजार गाठता येईल अशा वाटा, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीसाठी नवा पूल. दोन हजार चार सालच्या कोल्हापुरात, जिथे कोपऱ्यावरच्या टपरीला जायलाही माणूस मोटारसायकलला किक मारतो, तिथे हे खूळच म्हणायचं. तरी बाकीचे शेतकरी तयार झाले. अडलं ते उदयसिंहांपाशी. निम्मी जमीन त्यांची. त्यांची सही नसेल तर मुसळ केरात.

"सगळं झ्याक हाय, म्याडम," ते म्हणाले होते. "फकस्त ओढ्यावरचा ह्यो पूल तेवढा काढा. पल्याडच्या मानसांचं हिकडं काय काम?"

पल्याड बौद्ध वस्ती होती आणि तिथेच दीक्षाचं घर. उदयसिंहांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या घराण्याची पाटीलकी जाऊन पिढी उलटली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दीक्षानेही आपणहून सांगितलं नव्हतं, आणि तेच तिला आतून कुरतडत होतं.

पूल गेला तर वस्तीने पूर्वीसारखाच मसणवट्यावरून वळसा घ्यायचा. शेवटी तिने शक्कल लढवली. नकाशावरचा 'पूल' खोडून तिथे 'पाइपलाइनचा कट्टा' लिहिलं. पाणी ओढ्यापलीकडून आणायचं तर कट्टा लागणारच; त्यावरून कुणी चाललं तर कोण अडवतंय? साप मेला, काठीही शाबूत. उदयसिंह खूश झाले, उद्या सही करतो म्हणाले.

तिचे वडील दादासो एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण हसले नाहीत.

"म्हंजे बाजाराला आमी पायपावरनं जायाचं," ते म्हणाले. "माज्या बाला त्या वाटंनं येऊ देत न्हवते. पर चोरून ये, असं कुनी म्हनलं न्हवतं, बाय."

तिला रागच आला. बोलायला यांचं काय जातंय? योजना बुडाली तर सावलीही नाही आणि वाटही नाही. पण रात्री तिने नकाशा पुन्हा उलगडला आणि 'कट्टा' हा शब्द कितीदा तरी वाचला.

सकाळी उदयसिंहांच्या घरी त्यांच्या आईने, तानाबाईंनी, पावण्यांसाठी राखलेल्या फुलाफुलांच्या कपात चहा दिला. दीक्षाने अर्धा घेतला असेल, तोवर उदयसिंहांनी पेनाचं टोपण काढलं. तिने एका हाताने नकाशा स्वतःकडे ओढला, त्यांच्याच हातातलं पेन मागून घेतलं, कट्टा खोडला आणि ठळक अक्षरांत 'पूल' लिहिलं.

"सही करायची तर पुलासकट करा," पेन परत देत ती म्हणाली. "माझं घर पल्याडच हाय. वस्तीतले दादासो माझे वडील."

उदयसिंहांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर गेली थेट तिच्या हातातल्या कपावर. दारात उभ्या तानाबाईंचीही तिथेच गेली.

दीक्षाला वाईट वाटलं, आणि आठवडाभराची तगमग एकदम थांबली. नेमकं काय मागायचं ते आता तिला कळलं होतं. उरलेला चहा तिने सावकाश संपवला.

"काकू," ती म्हणाली, "आणखी अर्धा कप द्या की."

आणि कप तानाबाईंपुढे धरून ती थांबली.