पंच्याऐंशी म्हणजे चौतीस

पद्माकररावांनी आयुष्यात कुणाचं गणित चुकलेलं खपवून घेतलं नाही. विमानांच्या सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं ते मोजमापाच्या विभागात होते. इतरांच्या पट्ट्या आणि गेज बरोबर आहेत की नाहीत, हे तपासणं हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन शहराच्या टोकाला, येलहंक्याला राहायला आल्यावर पाण्याच्या टाकीत प्रत्यक्षात किती लिटर मावतात, यावरून त्यांनी बिल्डरला दोनदा घाम फोडला होता. "तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याची उंची मोजाल," असं त्यांची बायको विद्या म्हणायची. तिला जाऊन अडीच वर्षं झाली होती, आणि असं तोंडावर बोलणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं.

मुलगी केतकी जर्मनीत एकटी राहायची. गेल्या सप्टेंबरात तिच्या डाव्या स्तनातली गाठ काढली. बाबा येतो म्हणाले, ती नको म्हणाली, आणि व्हिसाच्या तारखेवर दोघांनीही खापर फोडलं. मग ऑक्टोबरात तिचा मेसेज आला. इथल्या ब्रा सगळ्या नायलॉनच्या, टाक्यांना टोचतात. आई चामराजपेटमधून आणायची तशा मऊ सुती, पुढून हुकाच्या चार पाठवाल का? माप पंच्याऐंशी सी.

त्यांनी तो मेसेज चार वेळा वाचला. असलं काही तिनं त्यांना जन्मात सांगितलं नव्हतं. ते सगळं मायलेकींमध्ये, स्वयंपाकघरात, दार लोटून व्हायचं. कानशिलं तापली खरी, पण आत कुठेतरी त्यांना फार बरं वाटलं. आईची जागा रिकामी होती आणि पोरीनं त्या जागेवर त्यांना हाक मारली होती. त्याच वेळी फोन करून एवढंच विचारायचं होतं की, बाळ, हे माप तिथलं की इथलं? पण जीभ रेटेना. मग अडचणीच्या प्रत्येक गोष्टीचं ते जे करत, तेच त्यांनी याही गोष्टीचं केलं. तिचं गणित केलं. पंच्याऐंशी सेंटिमीटर भागिले दोन पूर्णांक चोपन्न, म्हणजे साडेतेहतीस इंचांना किंचित कमी. पुढचं सम माप चौतीस.

चामराजपेटच्या त्या दुकानात गल्ल्यामागे धनलक्ष्मी बसायची. मूळची निपाणीकडची, पंचवीस वर्षं याच धंद्यात, नुसत्या नजरेनं माप सांगणारी. पद्माकरराव पंख्याकडे बघत म्हणाले, मुलीसाठी हव्यात, सुती, पुढून हुकाच्या, चौतीस सी. मुलगी जर्मनीत असते, तिथलं पंच्याऐंशी, असंही सांगून टाकलं. ते सांगितलं नसतं तर निदान वाद तरी झाला नसता.

"मग चौतीस कसं, काका? जर्मनीचं पंच्याऐंशी म्हंजे आपलं अडतीस की."

त्यांनी खिशातून पेन काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर भागाकार मांडून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, भागाकार बरोबर आहे, पण जर्मनीवाले छातीखालचा घेर मोजतात आणि तोच आकडा लिहितात. आपल्याकडे त्या घेरात चार-पाच इंच मिळवून आकडा धरतात, ही जुनी रीत, इंग्रजांकडून आलेली. त्यांनी विचारलं, हे चार इंच मिळवायचं कारण काय? कारण तिला माहीत नव्हतं. तिनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता दाखवला. जर्मनीत जे पंच्याऐंशी, ते फ्रान्समध्ये शंभर, ऑस्ट्रेलियात सोळा आणि आपल्याकडे अडतीस. शिवाय कपाचं अक्षर डीच्या पुढे गेलं की इंग्लंडची अक्षरं वेगळी आणि अमेरिकेची वेगळी. एकाच बाईची देशोदेशी इतकी मापं बघून पद्माकरराव हसले. असल्या तक्त्यावर आपण सही केली नसती, असं त्यांनी तिला ऐकवलंही.

"सरी, तुमची मर्जी," ती कानडी मिसळत म्हणाली. "पण स्वल्प थांबा, ताईंना एक फोन लावून विचारा की. घट्ट झाली तर लई त्रास होतोय."

फोन लावायची गरज नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशनचं तर त्यांनी नावही काढलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस ताकाविना परततो, हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना नेहमी सांगत. "तिचं ऑपरेशन झालंय" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते, तर धनलक्ष्मीनं चौतीस नंबरची खोकी त्यांच्या हाती लागूच दिली नसती.

पार्सल गेलं. दहा दिवसांनी केतकीचा मेसेज आला, मिळाल्या, छान आहेत. तो मेसेज त्यांनी बरेच दिवस पुसला नाही.

यंदाच्या जूनमध्ये ती तीन आठवड्यांसाठी घरी आली. एका दुपारी ती बेळ्ळंदूरला मनस्विनीकडे, तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. आभाळ भरून आलं म्हणून पद्माकरराव गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. ओढणीखाली त्या ब्रा वाळत घातलेल्या होत्या. नजर चुकवून ते उचलणार, तेवढ्यात त्यांना शिवण दिसली. पाठीचा पट्टा मधोमध कापून त्यात जुन्या कापडाची पट्टी जोडली होती, हातानं, बारीक टाके घालून. त्यांनी बोटांनी पट्टी मोजली. चार इंच, किंचित जास्तच. चारही ब्रांना तसंच होतं. डाव्या बाजूला आतून एक खिसाही शिवला होता. तो कशासाठी, ते त्यांना उमजलं नाही. प्रवासात पासपोर्ट ठेवायला असेल, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी ती आली, तेव्हा कपडे पलंगावर तसेच पडले होते आणि ते शेजारी बसले होते. घट्ट होतायत हे सांगायला हवं होतंस, असं ते म्हणाले.

"तुम्ही त्या दुकानात जाऊन उभे राहिलात, बाबा. तुम्हाला ते किती जड गेलं असेल, मला कळत होतं. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

आठ दिवस तिनं त्या तशाच घातल्या होत्या. टाक्यांपाशी पाणी धरलं, डॉक्टरीण रागावली, मग तिनं कात्री घेतली. हे ती सहज सांगत होती आणि पद्माकररावांना मान वर करवत नव्हती. दुकानातली ती बाई समोर बसून समजावत होती आणि आपण तिला भागाकार शिकवत होतो, याची त्यांना आता भयंकर लाज वाटली. उद्याच चामराजपेटला जातो, ते म्हणाले, अडतीसच्या आणतो, तिलाच विचारून आणतो.

"आता त्या नाही चालायच्या, बाबा."

डिसेंबरात दुसरं ऑपरेशन झालं होतं. गाठीच्या कडेचं थोडं आत राहिलं होतं, म्हणून डावीकडचं सगळंच काढलं. खिसा त्यासाठी होता. आत कापसाची गादी बसायची.

डिसेंबरात तर दर रविवारी ते फोनवर बोलत होते. सर्दीनं चेहरा सुजलाय म्हणून तिनं कॅमेरा बंद ठेवला होता, आणि त्यांनी तिला वाफ घ्यायला सांगितलं होतं, दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं तेही.

"मला का नाही कळवलंस?" त्यांनी विचारलं.

तिनं पलंगावरची ओढणी ओढून मांडीवर घेतली.

"कळवलं असतं तर तुम्ही टक्केवारी काढली असती. किती बायका वाचतात, किती वर्षं. मला तेव्हा कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं, दुखतंय का म्हणून."

त्यांचे हात मांडीवर पडून होते. विचारायची वेळ केव्हाच टळून गेली होती, हे कळूनही त्यांनी विचारलं.

"दुखतं का गं?"

"आता नाही दुखत, बाबा," ती म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.