बाबांचा होकार

इस्माईल तांडेल आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. परत गेले तेव्हा उजव्या हाताची दोन नव्हती. मधल्या वेळात बाबांनी त्यांना त्यांच्याच बुडालेल्या बोटीचं प्रकरण वाचून दाखवलं होतं.

बाबांची पद्धत अशी होती. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने राहायचं, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग लिहायचं, आणि छापायला देण्याआधी त्या माणसाला घरी बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवायचं. शेवटी चष्मा काढून विचारायचं, "असंच झालं ना?" माणूस म्हणायचा, "हो, असंच झालं." मग ते तसंच झालेलं असायचं.

बाबांच्या वाक्यात बोटीचा दोर उजव्या हातात होता, कारण डावा हात म्हटलं की ते वाक्य वाचताना अडखळत होतं. तांडेलांनी होकार दिला, मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलला. मी सात वर्षांची होते. बशी मीच पुढे केली होती. पुढच्या खेपेला ते सुरमई घेऊन आले. म्हणाले, "जेवायची जरा पंचाईत झालीय साहेब. बायको बडबडते. बाकी झकास."

त्या पुस्तकाने बाबांचं नाव झालं. नंतरच्या प्रत्येक पुस्तकासाठी दुकानांत लोक आधीपासून नावं नोंदवून ठेवत. सभागृहात बाबा वाचायला उभे राहिले की मागे उभ्या राहिलेल्या माणसांचा खोकलाही थांबायचा. नंतर कुणीतरी हमखास म्हणायचं, "कादंबरीसारखं वाटतं हो, पण सगळं खरं आहे." बाबा म्हणायचे, "खरं आहे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी घाटाखालच्या एका गावच्या पुरावर लिहिलं तेव्हा तिथल्या शाळेच्या बाईंनी वर्गातली सगळी मुलं डोंगरावर नेली असं लिहिलं. खरं तर एक मुलगा पाण्यात राहिला होता, संपत शेलार. बाई सगळा वेळ पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी संपत शाळेत हजर होता. आता तो टेम्पो चालवतो. त्याचे केस मात्र अजून वाळलेले नाहीत.

बाबांना नाही असं कुणी कधी म्हटलं नाही. जे झालं त्यापेक्षा त्यांचं नेहमीच चांगलं असायचं.

आमच्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी आई घर सोडून गेली. तिच्या डाव्या हातात पिशवी होती. उजव्या हाताने तिने कडी काढली आणि मला म्हणाली, "दार लावून घे." मी लावलं. ती धारवाडला असते, शिवण शिकवते. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. त्या दुपारचं एवढंच माझ्याकडे आहे आणि ते मी जपून ठेवलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांना तर नाहीच. माणसांकडून काढून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

बाबांच्या दहाव्याला आम्ही सांगलीत कृष्णेच्या घाटावर गेलो. मी एकुलती एक, म्हणून सगळं माझ्याच हातून करायचं होतं. बाबांचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. तो मी का घेतला होता ते मला माहीत नव्हतं. घरी ठेवून निघाले होते, मग कुलूप उघडून परत गेले होते.

गुरुजींनी पिंड मांडला. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. एकही हलेना. कावळा शिवला की गेलेल्या माणसाने हो म्हटलं असं धरतात. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलं आहे.

"जिवंतपणी कधी पहिल्या हाकेला जेवायला आला नाही," कुमुदआत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण. "आता बरा येईल! मुकुंदा, ये रे. वृंदाकडे मी बघीन. तिचं लग्न नाही झालं, नसू दे."

कावळे बसून राहिले.

"दर्भाचा कावळा करून शिववू या का?" गुरुजींनी विचारलं. "चालतं तसं."

"दर्भाचा तुमच्या यजमानांना करा. हा माझा भाऊ आहे."

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. बाबांचे प्रकाशक पोंक्षे उभे होते. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. त्यांच्या मागे पायऱ्यांवर बाबांच्या पुस्तकांतली माणसं बसली होती. तांडेल होते, संपत होता, आणखी पुष्कळ जण होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. आत्यानेही नव्हतं. मी पोंक्षेंकडे बघितलं तर ते गठ्ठ्याकडे बघू लागले.

"काय राहिलंय ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "शेवटचं पुस्तक. या वेळी त्यांनी स्वतःवर लिहिलं. सगळे होकार झालेत, आत्यांचासुद्धा. एक प्रकरण तेवढं उरलंय."

मी आत्याकडे बघितलं.

"माझं लहानपणचं होतं गं," आत्या म्हणाली. "मला सायकल येत होती असं लिहिलंय. मग आता येते."

"आणि उरलेलं कुणाचं?"

"शैलाताईंचं," पोंक्षे म्हणाले.

"मग आईला विचारा."

"त्या प्रकरणात त्या वारल्यात, ताई. वारलेल्या माणसाचा होकार कसा घेणार? त्या वेळी खोलीत तिघंच होतात तुम्ही. ते आता नाहीत. उरलात तुम्ही."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज बाबांचा होता. पोंक्षेंचे ओठ थोडे मागून हलत होते. आजारपणाच्या तिसऱ्या दिवशी आईचा ताप चढला. तिने निळी साडी नेसली होती. बाबा रात्रभर तिचा हात धरून बसले होते, आणि नऊ वर्षांची मी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. पहाटे तिने दोघांची नावं घेतली, आधी माझं. वाचताना कुठेही अडखळायला होत नव्हतं. रडू यायला हवं तिथे मला रडू आलं. ती निघून गेली यापेक्षा ती मेली हे बाबांना सोपं गेलं असतं, असा मला संशय आला. मग असाही संशय आला की ते मला सोपं जावं म्हणून त्यांनी हे लिहिलं असेल. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

"असंच झालं ना?" पोंक्षेंच्या तोंडून बाबांनी विचारलं.

मी आईला फोन लावला.

"आई, बरी आहेस ना?"

"सकाळपासून कणकण आहे जरा. का गं? आज रविवार नाही."

"तुझ्याकडे निळी साडी आहे?"

"निळी? छे, मला कुठे शोभतो निळा." ती उठल्याचा आवाज आला. कपाटाचं दार करकरलं. "आहे एक," ती म्हणाली. "कोरी दिसतेय. घडीसुद्धा मोडलेली नाही."

"नेसू नकोस."

"बरं. वृंदा, तुझा आवाज असा काय येतोय? लहान असल्यासारखा."

"फोन ठेवू नकोस," मी म्हणाले.

माझी बोटं ओली झाली होती. दुसऱ्या हातात घडी घातलेला ओला रुमाल होता. तो माझा नव्हता. मी तो खाली ठेवला. बघितलं तर तो परत हातात होता.

मी मागे वळून पाहिलं. पुस्तकांतली माणसं आता माझ्या पाठीशी होती. कुणी जागेवरून उठलं नव्हतं, पण मधल्या पायऱ्या उरल्या नव्हत्या. संपतच्या केसांतलं पाणी माझ्या खांद्यावर टपकत होतं.

"ताई, हो म्हणा की," तो म्हणाला. "एकानं नाही म्हटलं की दुसऱ्याचं पण निघतं. मला दोन पोरी हायत."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही फोन लावला तेव्हा माझ्या छातीत पाणी आलं."

तो खोकला. खरंच पाणी आलं, गढूळ, त्यात गवताची काडी होती. त्याने ती काडी उचलून खिशात ठेवली.

"साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरंच लिहिलं असणार, बेटी," तांडेल म्हणाले. त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली लपवला होता.

"एक शब्द फक्त," पोंक्षे आता स्वतःच्या आवाजात म्हणाले. "छपाई थांबवून ठेवलीय."

"वृंदा," फोनमध्ये आई म्हणाली, "मी नेसलेय गं ही. कधी नेसले कळलंच नाही."

हो म्हटलं तर आई गेली. नाही म्हटलं तर संपत. मी पर्स उघडली, बाबांचा चष्मा काढला आणि डोळ्यांवर लावला. घाट धूसर झाला. फक्त भिंतीवरचा एक कावळा स्पष्ट दिसत राहिला. मी पिंडासमोर मांडी घालून त्याच्याकडे तोंड केलं. बाबांना कुणी कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. त्यांचा होकार कुणी मागितलाच नव्हता.

"बाबा, ऐका," मी म्हणाले. "दुपार होती. तुम्ही आतल्या खोलीत टाइप करत होतात. आईने कडी काढली. तिच्या उजव्या हातात पिशवी होती. ती मला म्हणाली, दार लावून घे. तुमचा टाइपरायटर थांबला. तुम्हाला ऐकू गेलं होतं. तुम्ही बाहेर आला नाहीत. मी दार लावलं."

माझ्याकडे एवढंच होतं. इथे थांबायला हवं होतं. कावळ्याने मान तिरपी केली. बाबाही असेच करायचे, एखाद्याचं बोलणं अजून संपलेलं नाही असं त्यांना वाटलं की. आणि दारापाशी संपवलं तर ते फार कोरडं वाटत होतं.

"मग मी खिडकीशी गेले," मी म्हणाले. त्या घराला रस्त्याच्या बाजूने खिडकी नव्हती. "आई कोपऱ्यापर्यंत पोचली होती. कोपऱ्यावर ती थांबली आणि मागे वळली."

मी चष्मा काढला.

"असंच झालं ना?"

संपतने श्वास रोखून धरला होता. फोनमध्ये आई म्हणाली, "मी वळले होते? वृंदा, मी तर..."

कावळा भिंतीवरून उतरला. दोन उड्या मारत पिंडापाशी आला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चोच भातात घातली.

"शिवला!" आत्या ओरडली. "शिवला गं बाई!"

गुरुजींनी हात जोडले. फोनमधून आवाज येणं बंद झालं. कानाला लावलेला फोन तसाच धरून मी वर पाहिलं. पायऱ्या पुन्हा सगळ्या जागेवर होत्या. त्या संपतात तिथे, रस्त्याच्या कोपऱ्यावर, एक बाई मागे वळून उभी होती. तिशीतली असेल, माझ्यापेक्षा बरीच लहान. पिशवी तिच्या उजव्या हातात होती. ती खाली घाटावरच्या माणसांकडे एकेक करून बघत होती. माझ्यावरून तिची नजर पुढे गेली, आणि आमच्यात कुठे एखादी लहान मुलगी उभी आहे का ते ती वाकून बघू लागली.