बापलेकीची ट्यूब

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी स्कूटरची एक जुनी ट्यूब आहे. अंगावर ठिगळांना जागा उरलेली नाही, आणि माझं उतारवय माणसांच्या बुडाखाली गेलं आहे. ज्यांना असलं काही ऐकवत नाही त्यांनी खुशाल एखाद्या वडाच्या झाडाचं नाहीतर शाळेच्या घंटेचं आत्मवृत्त वाचावं. माझ्या गोष्टीत बेंडं आहेत, आणि तीही भलत्या जागी आलेली.

कारखान्यात जन्मले तेव्हा मी काळीभोर आणि तुकतुकीत होते. अंगाला पांढरी पावडर लावून, घडी घालून मला खोक्यात भरलं आणि रत्नागिरीच्या एका दुकानात धाडलं. तिथून हरिश्चंद्र पावसकरने मला घरी नेलं. तो आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात नुकताच कामाला लागला होता आणि त्याचं लग्नही नुकतंच झालं होतं. पुढे तो, मागे सावित्री, दोघांचा भार माझ्यावर, आणि आम्ही निघालो गणपतीपुळ्याला! चढ असो, उतार असो, मी कधी कुरकुर केली नाही. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

रस्त्यावरच्या खिळ्यांनी मला पुष्कळ छळलं. पण हातखंब्याच्या नाक्यावर रघू पंक्चरवाला होता. तो मला भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा. जिथे बुडबुडे येतील तिथे घासायचा, सोल्युशन लावायचा, ठिगळ चिकटवायचा, की मी पुन्हा कामाला. भोक पडलं तर त्यात लाजण्यासारखं काय असतं, हे मला माणसांच्या घरात राहायला गेल्यावर कळलं.

पुढे स्कूटर विकली. नवी आली तिच्या चाकात ट्यूबच नव्हती. हल्ली आमच्यावाचून गाड्या चालतात म्हणे, चालोत बापड्या. सावित्री मला भंगारात द्यायला निघाली होती, पण हरिश्चंद्र म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो, पोरीला पव्हायला होईल." त्यांची मुलगी मृणाली माझ्यात बसून विहिरीत हातपाय मारायला शिकली. मला दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि भीती वाटली की सगळी वाडी गोळा होईल अशी ओरडायची. ती पोहायला शिकली आणि माझी रवानगी न्हाणीघरातल्या खिळ्यावर झाली. पाली माझ्या अंगावरून ये-जा करायच्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी हरिश्चंद्र आत आला. त्याने कडी लावली, मला खाली काढलं, सायकलच्या पंपाने अर्धीच हवा भरली, स्टुलावर ठेवलं आणि अगदी हळूहळू माझ्यावर बसला. त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मला वाटलं, माझंच कुठलंतरी ठिगळ सुटलं.

त्याला बेंडं व्हायची. जांघेत, बुडाच्या घडीत, जिथे हात लावायलाही माणूस आधी दार लावून घेतो तिथे. वाटाण्याएवढी गाठ यायची, ती लाल होऊन ठणकायची, पिकायची, फुटायची. एक बसतंय तोवर शेजारी दुसरं हजर. कॉलेजात असल्यापासून हे चाललं होतं. सावित्रीला एखाददुसरं ठाऊक होतं, पण हे कधी थांबतच नाही एवढं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दल घरात त्याने सांगून टाकलं होतं की ही कंबरेच्या व्यायामाला आहे.

उपाय त्याने सगळे केले. भाजलेला कांदा आणि हळद बांधून झाली, पोटिसं झाली, काळं मलम झालं. मलम आणायला गेला की दुकानदाराला सांगायचा, "म्हशीला पाहिजे." घरात म्हैस नव्हती. दुकानदार भला माणूस, तो रस्त्यात भेटला की काळजीने विचारायचा, "काय हो, म्हस बसते का आता?" एक डॉक्टरकडे जाणं तेवढं राहिलं होतं. डॉक्टर म्हटलं की दाखवावं लागणार, आणि दाखवायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

कारखान्यात मात्र त्याची वेगळीच कीर्ती झाली. हा माणूस कधी बसतच नाही! मालक नव्या कामगारांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "पावसकरांकडे बघा. सकाळपासून उभे आहेत." असं कौतुक होता होता त्याला बढती मिळाली, आणि बढती म्हणजे ऑफिसात टेबल आणि गोल फिरणारी खुर्ची. त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला होता की सावित्रीला वाटलं, नोकरी गेली.

आता आंब्याचं सांगते. आंबे खाऊन करटं येतात असं आमच्याकडे सगळेच मानतात. मानतात आणि खातात. हरिश्चंद्राने मात्र मनावर घेतलं. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला सावित्रीने आमरस केला. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच असल्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"माका... मला रस नको," हरिश्चंद्र म्हणाला. तो घाबरला की त्याच्या आजोळची बोली तोंडात यायची.

"मला पण नको," मृणाली म्हणाली.

वाटी ठक्कन जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"अहो, हापूसचा हाय. पायरी घातलेली नाय," सावित्री म्हणाली.

"कारखान्यात दिवसभर वासच घेतो ना मी. वीट आलाय."

"आणि तुला गो काय झाला?"

"वजन वाढतंय माझं."

"कुठं वाढताय? वाऱ्यान उडशील अशी हायस!"

मग बापाने मुलीला दटावलं, की वाढत्या वयात आंबा खायला हवा. मुलीने बापाला सुनावलं, की आधी स्वतः खाऊन दाखवा. दोघंही हट्टाला पेटले, पण रसाला कुणी शिवलं नाही. रत्नागिरीत राहून घरातली दोन माणसं एकाच दिवशी आंबा सोडतात म्हटल्यावर सावित्रीला एकच कारण सुचलं. संध्याकाळी ती मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आली.

"बसा पाटावर."

"उभ्यानंच काढ," हरिश्चंद्र म्हणाला.

"माझी पण उभ्यानेच," मृणाली म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा त्या घरात खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. रोज सकाळी हरिश्चंद्र मला खिळ्यावर टांगून कामावर जायचा. दुपारी सावित्रीचा डोळा लागला की मृणाली न्हाणीघरात यायची, कडी लावायची, त्याच खिळ्यावरून मला काढायची आणि तशीच हळूहळू माझ्यावर बसायची. तिलाही तीच बेंडं, त्याच जागी. नववीत असल्यापासून. तिने कबड्डी सोडली, सायकल सोडली, मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाणं सोडलं. आपण नीट अंघोळ करत नाही म्हणून असं होतं, असं तिने मनाशी धरलं होतं आणि ती पोर अंग घासून घासून सोलून काढायची. रडायची ती नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मी रबराची असले तरी मला ते सहन होत नसे. पण ट्यूबला तोंड असतं ते फक्त हवा भरण्यापुरतं.

पावसाळ्यात मृणालीला कोल्हापूरच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात आनंदीआनंद झाला. ती म्हणाली, "मला नाही जायचं."

हरिश्चंद्राने आधी समजावलं, मग आवाज चढवला. "मार्क काय झाडाला लागतात? मुदत संपली की जागा दुसऱ्याला जाईल. कारण तरी सांग!" कारण मला माहीत होतं. हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी, न्हाणीघर सगळ्यांचं, कडी लावून बसायला जागा नाही, आणि मी नाही. हरिश्चंद्र शेवटी बोलून गेला, "तुला कशाची किंमतच नाय!" ती उठून गेली, आणि मला त्याचा असा राग आला की त्या रात्री तो माझ्यावर बसला तेव्हा मी मुद्दाम थोडी हवा सोडली.

मुदत संपायला थोडे आठवडे उरले तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या त्या गोल खुर्चीने हरिश्चंद्राचा जीव नकोसा केला होता. दुपारीच तो रजा टाकून घरी आला आणि तडक न्हाणीघराकडे गेला. दाराला आतून कडी.

"कोण हाय?"

"मी आहे, बाबा." मृणाली माझ्यावरून ताडकन उठली.

"बाहेर ये लवकर. नायतर ती ट्यूब दे आधी."

"आत्ता कशाला?"

"व्यायामाला!"

"भर दुपारी?"

"अगो, दे म्हणतो ना!"

दार जरासं उघडलं आणि मृणालीने मला बाहेर सरकवलं. हरिश्चंद्राने मला दोन्ही हातांत घेतलं आणि तो थबकला. मी गरम होते. भिंतीवर टांगलेली ट्यूब पावसाळ्यात गार असते, आणि मी नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी गरम होते. त्याने दार ढकललं. मृणाली भिंतीला हात टेकून उभी होती, सगळा भार एका पायावर, दुसरा पाय जरा बाजूला. तसं कोण उभं राहतं आणि का, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"बाय," तो म्हणाला, "तुला पण?"

तिने मान हलवली आणि हुंदका फुटून ती रडायला लागली. या वेळी नळ बंद होता.

हरिश्चंद्र मला छातीशी धरून तिथेच उभा राहिला. "मला कॉलेजपासून हाय," तो म्हणाला. "मी बोललो नाय. मी बोललो असतो तर तू पण बोलली असतीस." त्याने मला आणखी घट्ट धरलं. "माझ्याकडनंच आला असणार गो तुला."

"नाक पण तुमचंच आलंय," मृणाली डोळे पुसत म्हणाली. "त्याचं काय करू?"

त्यावर तो हसला, मग ती हसली. आवाज ऐकून सावित्री धावत आली, तर नवरा आणि मुलगी ट्यूब धरून हसताहेत आणि रडताहेत. तिला वाटलं, दृष्ट उतरलीच नाही. मग दोघांनी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती आधी रडली आणि नंतर दोघांना इतकं बोलली की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

दुसऱ्याच दिवशी ती दोघांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पिशवीत मीही होते. बाहेर रिकाम्या खुर्च्यांची रांग, आणि बाप-मुलगी भिंतीला टेकून उभे. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकेक करून तपासलं आणि म्हणाल्या की हा त्वचेचा आजार आहे. घाणीने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, काही घरांत रक्तातून पुढे येतो. कायमचा जाईल असं वचन देता येत नाही, पण औषधाने ताब्यात राहतो. गाठ पिळायची नाही, सैल सुती कपडे घालायचे, अंग घासून सोलायचं नाही. हरिश्चंद्राने सिगरेट सोडायची. इथे तो छताकडे बघू लागला.

"इतकी वर्षं काय केलंत मग?" बाईंनी विचारलं.

"उभा राहिलो," हरिश्चंद्र म्हणाला.

"आंबा चालेल का हो त्यांना?" सावित्रीचा एकच प्रश्न होता. बाई म्हणाल्या, बेताने खायला हरकत नाही. तेव्हा हंगाम सरला होता. बापलेकीने एकमेकांकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

औषधाने ठणका कमी झाला, आणि एका सकाळी मृणालीने आपणहून बॅग भरायला काढली. मुदतीला अजून थोडा अवधी होता. तिला पोचवायला हरिश्चंद्र निघाला. डॉक्टरीणबाईंकडे मला पिशवीत दडवून नेलं होतं. त्या दिवशी त्याने मला हवा भरून सरळ खांद्यावर अडकवलं आणि रत्नागिरीच्या स्टँडवरून सगळ्यांच्या देखत चालत तो कोल्हापूरच्या एसटीत चढला.

"ओ, टायर डिकीत टाका," कंडक्टरने हटकलं.

"टायर नाय मास्तर, ट्यूब हाय. सीटवर लागते."

"सीटला गादी आहे की! ही कशाला?"

सगळी गाडी वळून बघायला लागली. हरिश्चंद्राच्या कपाळावर घाम आला. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं आणि तिला आड करून तो पुढे उभा राहिला.

"मला जांघेत बेंडं होतात," तो म्हणाला. "कायमची. त्याच्यासाठी लागते."

त्याच्या मागून मृणालीचा आवाज आला, "आणि मला पण."

कंडक्टरने तिकिटाचं मशीन उगाच या हातातून त्या हातात घेतलं. मग वाकून, हरिश्चंद्राच्या कानाशी येऊन त्याने विचारलं, "डॉक्टर कोण हो तुमचे?"

हरिश्चंद्राने हळूच नाव सांगितलं.

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठला आणि ओरडला, "अवो, जरा मोठ्यान सांगा की! हितं इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येत नाय!"

मित्रांनो, दुखणं कुठल्याही जागी येवो, ते घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि दुसऱ्या कुणी तुम्हाला सांगितलं, तर हसू नका. जरा सरका आणि त्याला बसायला जागा द्या.