मालिकेतली माफी

"आली बघा आली, मारनाऱ्याची आय आली," विमलबाई म्हणाली आणि गुरुजींच्या पडवीत बसलेल्या पंचवीस-तीस बायकांनी माना पुढे काढल्या.

चंद्रभागा पडवीत नव्हती. ती बाहेर पायरीवर, उघड्या खिडकीखाली बसली होती. तिला टीव्ही तिरका दिसायचा आणि खिडकीच्या गजांमुळे पडद्यावरच्या माणसांचे दोन तुकडे व्हायचे. पण पोशीरमध्ये टीव्ही कमळाकर गुरुजींचाच, आणि आत बसायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

पडद्यावर अंगणात तिरडी होती. तिच्यावर विशीतला एक गोरा मुलगा, गळ्यापर्यंत झेंडूचे हार. मागच्या शनिवारी त्याला त्याच्याच मित्राने चाकू मारला होता. तेव्हापासून आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. भाताच्या गिरणीत चंद्रभागा तांदूळ पाखडायला बसायची, तिथेही सुपं थांबवून बायका त्या मुलाबद्दल हळहळत होत्या. चंद्रभागा समोरच बसलेली आहे याचा त्यांना विसर पडला होता, किंवा पडलाही नसेल.

कारण सहा वर्षांपूर्वी चंद्रभागाच्या मुलाने, गजाने, सोनाबाईच्या मुलाला, चंदरला, असंच मारलं होतं. दोघं एकाच संघातून कबड्डी खेळायचे. कळंबला सामना हरले आणि परतताना टेंपोत वाद झाला, की शेवटच्या चढाईला पकड कोणी सोडली. कलिंगड कापायला आणलेली सुरी गजाच्या हाताशी होती. टेंपो पोशीरच्या नाक्यावर पोचला तेव्हा चंदर गेलेला होता आणि गजा त्याच्या शेजारीच बसून होता, पळालासुद्धा नव्हता. त्याला जन्मठेप झाली. चंद्रभागा वर्षातून दोनदा ठाण्याच्या तुरुंगात जाऊन त्याला जाळीआडून बघून यायची. तो काय खातो, कुठे निजतो, हे विचारलं की म्हणायचा, बरं हाय. मालिकेत पुढे एका पोराला तुरुंगात घालणार आहेत असं दोन महिन्यांपूर्वी गिरणीत कोणी म्हणालं, म्हणून ती या पायरीवर यायला लागली होती. आतून तुरुंग कसा असतो ते तिला बघायचं होतं.

सोनाबाई मात्र आधीपासूनच दर शनिवारी यायची. आत, खांबाला टेकून बसायची. मागच्या शनिवारी चाकूचं दृश्य झालं, त्यानंतर ती आता येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण आज ती आली आणि नेहमीच्या जागी बसली.

पडद्यावर मारणाऱ्याची आई माणसांतून वाट काढत आली. माणसं बाजूला झाली. सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं. तिने मेलेल्या मुलाच्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती आई इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत होती, केस मोकळे. तिने वाकून तिला उठवलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "माझा एक गेला, तुझाही एक गेला. आपण दोघी एकाच घरच्या झालो." मग दोघी रडल्या आणि त्यांच्याबरोबर सगळी पडवी रडली. विमलबाई पदरात तोंड घालून हुंदके देत होती. गुरुजींच्या बायकोने, प्रमोदिनीबाईंनी, चष्मा काढून ठेवला. खुद्द गुरुजींनी खाकरून घसा साफ केला.

चंद्रभागाला रडू आलं नाही. तिला खरं प्रेत आठवत होतं. कर्जतहून चिरफाड होऊन ते पांढऱ्या कापडात बांधून आलं होतं आणि ऊन वाढलं म्हणून पुरुष मंडळी घाई करत होती. हार आणायला कोणाला सुचलं नव्हतं. ती सोनाबाईच्या गोठ्यापर्यंत गेली होती. तिथून तिला दोन माणसांनी दंडाला धरून मागे फिरवलं. तेवढ्यात तिला ऐकू आलं ते इतकंच, की सोनाबाई येईल त्याला विचारत होती, चंदरची दुसरी चप्पल कुठे आहे. रडत नव्हती. चप्पल विचारत होती.

मालिका संपली. गुरुजींनी टीव्ही बंद केला, पण बायका उठेनात. सगळ्यांचे चेहरे ओले आणि मऊ झाले होते. प्रमोदिनीबाई सोनाबाईकडे वळल्या. त्यांचा आवाज मुळातच गोड, त्यात आत्ताच रडून झालं होतं. त्या म्हणाल्या की बघा सोनाबाई, मन मोठं केलं की दुःख कसं हलकं होतं. सहा वर्षं तुम्ही एका गावात राहून एकमेकींचं तोंड बघत नाही, त्या बिचारीचा तरी काय दोष. आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नाही.

विमलबाई तोवर बाहेर आली होती. तिने चंद्रभागाचं मनगट धरलं आणि "आत ये गं" म्हणत तिला ओढत पडवीत नेलं. बायकांनी सरकून मध्ये जागा केली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला आत जागा मिळाली होती. कोणीतरी मागून खांदा दाबला. "पाया पड," कोणीतरी कुजबुजलं.

चंद्रभागाचे गुडघे वाकायला लागले होते. हे तिने मनात कितीदा केलं होतं. शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, सोनाबाईच्या बंद दारापुढे. पण त्यात सोनाबाई तिला कधी उठवायची नाही. आणि बघायला कधी कोणी नसायचं. तिने वर पाहिलं. सगळ्या बायका त्यांच्याकडे तशाच बघत होत्या, जशा मघाशी टीव्हीकडे. ती तशीच अर्धी वाकून थांबली.

"हात लावू नको मला," सोनाबाई म्हणाली.

ती खांबाला टेकूनच होती. आवाज चढला नव्हता.

"असं काय करतीस गं," विमलबाई म्हणाली. "तिनं बघ कसं उराशी धरलं."

"ती बाई उद्या दुसरं लुगडं नेसंल. तिचा पोरगा तिरडीवरनं उठून चा प्याला असंल." सोनाबाईने एकेकीकडे पाहिलं. "माज्या चंदरला न्यायच्या दिवशी यातली कोन आली व्हती? विमल, तू आलीस? पोलिसांचं लचांड नको म्हनून दारं लावून बसलात. आज रडायला आलात."

पडवीतला मऊपणा बघता बघता ओसरला. कोणी म्हणालं, सहा वर्षं झाली, किती दिवस तेच धरून बसायचं. कोणी म्हणालं, आपण परक्यासाठी रडलो, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. विमलबाईचे गाल अजून ओलेच होते, त्याच तोंडाने ती म्हणाली, "दगूड हाय दगूड. म्हनून देवानं पोरगा नेला."

 सोनाबाईने फक्त खांबावर हात ठेवला.

चंद्रभागा सरळ झाली. "देवानं नाय नेला," ती म्हणाली. "माज्या गजानं मारला. तिला कुनी काय बोलायचं नाय. तिला वाटंल तवा ती मला शिव्या देईल, न्हायतर कदीच बोलनार नाय. ते तिचं हाय. तुमचं नाय."

एवढं ती गावात कधी बोलली नव्हती. गुरुजींना आपल्या घरात हे घडतंय हे आवडलं नाही. ते कोरडेपणाने म्हणाले, "मग चंद्रभागाबाई, तुम्ही तरी इथं कशाला येता? असल्या मालिका तुम्हाला बघवतात कशा?"

"तुरुंग दावतील म्हनून येते," ती म्हणाली. "पोरगा कसा र्‍हातो ते बगायला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रमोदिनीबाईंनी चष्मा चढवला आणि चहाचं आधण बघायला आत गेल्या. सोनाबाई उठली, भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेली आणि चपला घालून निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर चंद्रभागा निघाली.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. एरवी गिरणीतल्या बायका गजावरून टोमणे मारायच्या, आता त्यांचा राग सोनाबाईवर होता. सोनाबाई दुकानात आली की बोलणं थांबायचं. तिने गुरुजींच्या घरी शिव्या दिल्या, प्रमोदिनीबाईंच्या अंगावर धावून गेली, असं सांगणाऱ्या त्या दिवशी पडवीत नव्हत्याही. एकीने तर सूप बाजूला ठेवून "हात लावू नको मला" असं सोनाबाईच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि सगळ्या हसल्या. चंद्रभागा तांदळातले खडे काढत राहिली. मग तिने आपलं सूप उचललं आणि दाराबाहेर, उन्हात जाऊन बसली. मुकादमाने का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आत नीट दिसत नाय.

पुढच्या शनिवारी ती पायरीवर गेली नाही. मालिकेच्या वेळेला गावातली वाट मोकळी असते, बोरिंगवर रांग नसते, म्हणून ती हंडा घेऊन निघाली. उजेड अजून होता. वळणावर आली आणि थांबली. बोरिंगवर सोनाबाई एकटीच होती. दांडा मारत होती. तिनेही हीच वेळ बघितली असणार.

सहा वर्षांच्या सवयीने चंद्रभागा करंजाच्या झाडापाशी हंडा टेकवून उभी राहिली. सोनाबाईचा हंडा भरला. पण तिने तो उचलला नाही. दांड्यावर हात ठेवून, पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी माजी बाजू घेतलीस."

चंद्रभागाने हंड्याचा काठ धरला.

"परत घेऊ नको. त्यांच्या शिव्या मी खाईन. तुजं चांगलं बोलनं मला सोसत नाय."

"नाय घेनार," चंद्रभागा म्हणाली.

सोनाबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली. हंडा मोठा होता, एरवी उचलून द्यायला दुसरी बाई लागायची. तिने तो आधी मांडीवर घेतला, मग छातीवर, तिथे एक क्षण धाप टाकली, मग डोक्यावर. चंद्रभागाचं पाऊल आपोआप पुढे पडलं होतं. तिने ते मागे घेतलं.

सोनाबाई मान ताठ ठेवून, थोडं पाणी अंगावर सांडत, तिच्या शेजारून गेली. चंद्रभागाने वाट सोडली आणि खाली बघितलं. पावलं दूर गेली, तरी ती लगेच हलली नाही. सोनाबाईच्या घराचं दार लागल्याचं ऐकू आलं, तेव्हा तिने हंडा उचलला, नळाखाली ठेवला आणि दांडा मारायला लागली.