समोरची खबर

“समोरची काय खबर?” थोरल्यांनी सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

पाच देशांच्या संयुक्त फौजेची सकाळची बैठक याच प्रश्नाने सुरू व्हायची. सरहद्दीपलीकडच्या शत्रूची खबर ऐकेपर्यंत कुणी चहाला हात लावत नसे. पण गेल्या हिवाळ्यात त्या शत्रूचं राज्यच आतून मोडलं, त्याचे सैनिक आपापल्या घरी गेले, आणि खबर सांगणार तरी कसली? आता बाकीच्या चार देशांचे सेनापती खुशाल चहा पीत बसले होते. एकाने तर जांभई दिली. सरसेनापतींसमोर जांभई! काय म्हणावं याला?

सरसेनापतींना सगळे थोरलेच म्हणत, शिपायापासून वरपर्यंत. एकेकाळी हे चौघे त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. आता नदी कुणाची, पूल कुणाचा, यावरून एकमेकांची उणीदुणी काढत होते. ही फौज थोरल्यांच्या हाताखाली ठेवायची की मोडायची, ते आज ठरणार होतं.

मधल्या सुट्टीत त्यांचा जुना मदतनीस अधिकारी जवळ सरकला.

“थोरले, एक बोलू? रागावू नका.”

“बोल की.”

“डोंगरापलीकडच्या त्या चिमुकल्या राज्याने तोफा घेतल्यात म्हणे. तुम्ही नुसतं ‘धोका आहे’ म्हणा. हे सगळे मुकाट रांगेत येतील.”

“अरे, त्या सलामीच्या तोफा आहेत!”

“ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक.”

खरं सांगायचं तर थोरल्यांना मोह झाला. चांगलाच झाला. या खोलीबाहेर त्यांचं होतं काय? बायको दूर गावी, मुलं आपापल्या संसारात. सगळा जन्म छावण्यांत गेलेला. इथे निदान कुणी वाट बघायचं, ते काय म्हणतात याची.

बैठक पुन्हा भरली. वयाने सगळ्यांत लहान असलेल्या सेनापतीने विचारलं, “मग थोरले, आहे का कुणी समोर?”

चौघांनीही कप खाली ठेवले. किती महिन्यांनी अशी शांतता पडली होती! त्यांनी काहीही सांगितलं असतं, तरी ते खरं मानलं गेलं असतं.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “पोरांना घरी पाठवा.”

हात वर झाले आणि एवढी मोठी फौज मोडली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हात हातात घेतला, मग जो तो आपल्या गाडीकडे पळाला. थोरल्यांनी घरी फोन लावला.

“येतोय मी.”

“अगबाई, खरंच?” बायकोचा आवाज खुलला. “किती दिवस?”

कायमचा, हे काही त्यांच्या तोंडून निघेना.

“बघू,” ते म्हणाले.

“तुमच्या खोलीत मी शिवणाचं मशीन मांडलंय हो. कापडांचा नुसता पसारा. दोन दिवसांसाठी कुठे हलवत बसू? बाहेर कोचावर झोपाल ना?”

“झोपेन की,” थोरले म्हणाले. “न झोपायला काय झालं?”